पेव, माळावरची खोप आणि पत्र्याची ट्रंक

आज जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊनच बसा.

निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात जुनं घर पाडायला काढलं की कधीकधी जेसीबीचा दात एकदम खाली जातो आणि सोप्यात नाहीतर अंगणात भलंमोठं भगदाड पडतं. पोरांना वाटतं भुयार लागलं, आता धन सापडणार. मग घरातलं एखादं जुनं माणूस काठी टेकत येतं, वाकून बघतं आणि म्हणतं, "धन कसलं रे, पेव हाय ते." कन्नडमध्ये त्यालाच हगेव म्हणतात. आमच्या गल्लीत दोन्ही शब्द चालायचे, कोण बोलतंय त्यावर.

नव्या पिढीसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, रांजणासारखं. आत कडब्याचा थर द्यायचा, जोंधळा ओतायचा, वर भुसकट, त्यावर फरशी आणि चिखलानं तोंड लिंपून टाकायचं. हवा नाही, ओल नाही, म्हणून किडा नाही. दोन-तीन वर्षं धान्य आरामात राहायचं. उघडताना मात्र घाई करायची नाही. तोंड बराच वेळ उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही, कारण आत कोंडलेल्या वायूनं माणूस जाग्यावर जायचा. अशी माणसं गेलेलीही आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आज्जीला ही परीक्षा पाठ होती. पेवातल्या जोंधळ्याच्या भाकरीला थोडा आंबूस वास यायचा म्हणे, आणि तो वास आवडणारीही माणसं होती.

आज आपण विमा म्हणतो, फंड म्हणतो, अचानक लागतील म्हणून बाजूला ठेवलेले पैसे म्हणतो. त्या काळी या सगळ्याला एकच शब्द होता, 'अडीअडचणीचं'. आणि अडचण म्हणजे पहिल्यांदा दुष्काळ. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ बेळगाव जिल्ह्यानं असा काही सोसला की १८८१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची माणसं आधीपेक्षा कमी भरली. अथणी, गोकाक ही पूर्वेकडची बाजू जास्त पोळली, सह्याद्रीच्या अंगाची आमची बाजू त्या मानानं वाचली. बेळगावला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती. धान्य आणायचं तर बैलगाडीनं, आणि बैलालाच वैरण नाही. अशा वेळी ज्याच्या अंगणात भरलेलं पेव, त्याचं घर जगलं. म्हणून पुढच्या पिढीनं जमेल तसं पेव खणलं, ज्याला जमलं नाही त्यानं घरात कणग्या आणि बळदं भरली. घर दाण्यानं भरलेलं असलं की निर्धास्त, असं त्या पिढीचं गणित पक्कं झालं.

आणि वीस वर्षांत ते गणित उलटं फिरलं.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग उसळला, १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला आणि १८९७-९८ च्या सुमारास रेल्वेच्या वाटेनं आपल्याकडं आला. बेळगाव, हुबळी, धारवाड, कोल्हापूर, कुणी सुटलं नाही. दुष्काळात जी रेल्वे हवी होती ती आता आलेली होती, पण सोबत हे घेऊन आली. रोग उंदरावरच्या पिसवांनी पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये आपल्याच मुंबई इलाख्यातल्या कराचीत प्रयोग करून दाखवलं, तरी मोठ्या डॉक्टरांना ते पटायला बरीच वर्षं गेली. आमच्या बायकांना मात्र आढ्यावरनं उंदीर टपकला की कळायचं. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द गल्लीत फिरले की सामान बांधायला सुरुवात.

आता बघा, उंदीर कुठं असणार? जिथं दाणा तिथं. दुष्काळाच्या भीतीनं भरून ठेवलेल्या कणग्या आणि बळदं हीच उंदरांची घरं झाली. ज्या तयारीनं आधीची पिढी वाचली, तीच तयारी या वेळी घरातल्या माणसांच्या उशाशी मरण आणून ठेवत होती. यात कुणाची चूक म्हणता येत नाही. माणूस मागच्या संकटावरनं शिकतो, पुढचं त्याला दिसत नसतं.

प्लेगावर उपाय एकच होता, घर सोडायचं. सरकारची जबरदस्ती, तपासण्या, घरं रिकामी करणं यावर पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. करवीर संस्थानात शाहू महाराजांनीही लोकांना गावाबाहेर राहायला लावलं होतं. पण काही वर्षांत सांगायची गरज उरली नाही. प्लेग पुढची वीस-पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला आणि माळावर जाऊन राहणं अंगवळणी पडलं. आमची आज्जी लहानपणी अशी दोनदा माळावर राहिलेली. तिच्याकडनं मी जे ऐकलं ते असं: घरामागं वासे, तुराट्या आणि पाचट नेहमी रचून ठेवलेलं असायचं, त्याला कुणी चुलीत घालायचं नाही. ती खोपीची तयारी. जातं उचलून नेता येत नाही म्हणून आठ-पंधरा दिवसांचं पीठ आधी दळून घ्यायचं. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधायचे. तवा, काठवट, मीठ, काड्यापेटी, घोंगडी. बाकी घराला कुलूप. मागं रिकाम्या गावात चोऱ्या व्हायच्या म्हणून गल्लीतल्या दोन-दोन पुरुषांनी पाळीपाळीनं रात्रीची फेरी मारायची, पण कुणाच्या घरात शिरायचं नाही.

हाफकिननं मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. हुबळीत १८९८ साली हजारो लोकांनी ती घेतली. आमच्या पणजीनं घेतली नाही. सुई टोचली की माणूस खलास अशी अफवा होती. पणजोबांनी घेतली आणि ते दोन दिवस तापानं फणफणले, त्यामुळं अफवेला आणखी बळ आलं. पण त्या साथीत घरातली इतर दोन माणसं गेली आणि पणजोबा राहिले. पुढच्या वेळी पणजीनं न बोलता दंड पुढं केला.

माळावरच्या खोपीनं बायकांना एक गोष्ट शिकवली, जी पेवानं कधी शिकवली नसती. अडीअडचणीचं जे काही आहे ते अंगावर वागवता आलं पाहिजे. पेव उचलता येत नाही, म्हैस आजारी पडते, जमीन तर जागेवरच. म्हणून बोरमाळ, पुतळ्या, वज्रटीक, डोरलं. आपण या दागिन्यांकडं हौस म्हणून बघतो, त्या बायका हिशेब म्हणून बघायच्या. एक पुतळी काढली की एक बाळंतपण, दोन पुतळ्या म्हणजे मिरज.

मिरज म्हणजे दवाखाना. डॉ. वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं आणि आपल्या सगळ्या भागाचं मोठ्या आजाराचं ठिकाण तेच झालं. निपाणीला रेल्वे नाही, आजही नाही. बैलगाडीनं कोल्हापूर नाहीतर चिकोडी रोड स्टेशन गाठायचं आणि तिथनं मिरज. वेळेवर पैसा हातात पाहिजे. सावकार रात्री उठून पैसे देतो, पण कशावर देतो ते सगळ्यांना माहीत. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, आणि त्याखालची पहिली संस्था १९०५ मध्ये आपल्या शेजारीच गदगजवळ कणगिनहाळला निघाली. तिथपासनं पुढं शेतकऱ्याला कर्जाचा दुसरा दरवाजा मिळाला खरा. पण सभासद पुरुष, सातबारा पुरुषाचा, सही पुरुषाची. बाईच्या नावावर काय, तर अंगावरचं सोनं आणि उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यातली चिल्लर.

आता तंबाखूकडं येतो, कारण निपाणीचं कुठलंही पुराण तंबाखूशिवाय पुरं होत नाही.

जोंधळ्याच्या रानात विडीचा तंबाखू आला आणि घराचं रूप पालटलं. पैसा आला, माड्या चढल्या, पेवं बुजली. धान्य आता विकत मिळतंय म्हटल्यावर पेव कशाला? पण तंबाखूचा पैसा वर्षातनं एकदा, तोही व्यापाऱ्याच्या मर्जीनं. माल वखारीत गेला की भाव त्याचा आणि हप्तेही त्याचे. मधल्या काळात घरात कुणी आजारी पडलं तर ज्याला माल दिला त्याच्याच दारात उसने मागायला जायचं. स्वतःचेच पैसे, आणि मागताना मान खाली! पूर्वी कंदील सोडून पेव उघडलं की झालं, आता पेव दुसऱ्याच्या वखारीत होतं.

वखारीत काम करणाऱ्या बायकांचं तर विचारू नका. तंबाखू बडवायचा, चाळायचा, दिवसभर धूळ नाकातोंडात. चक्कर, उलटी, खोकला हे रोजचंच. मजुरी तुटपुंजी, आणि उद्या नको म्हटलं की उद्यापासनं घरी. हजेरीचा कागद नाही, त्यामुळं आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाचं काही नाही. वीस वर्षं काम करून एखादी वारली तर ती तिथं कामाला होती हे सिद्ध करणारा कपटासुद्धा नसायचा. १९८० च्या सुमारास या बायका संघटित झाल्या. देवचंद कॉलेजचे प्रा. सुभाष जोशी त्यांच्याबरोबर होते. (हे कॉलेज निपाणीला खेटून, पण अर्जुननगर म्हणजे महाराष्ट्रात. आपल्याकडं सीमा अशी कॉलेजच्या फाटकापाशी येऊन थांबते.) त्या लढ्यावर युगांतर या बायकांच्या फिल्म गटानं १९८२ मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट काढला. मिळाला तर जरूर बघा, त्यात आपल्याच गल्लीतली बोली आहे आणि घाबरणं सोडून दिलेल्या बायका आहेत.

त्या लढ्यातनं मजुरी वाढली हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती हजेरी आणि फंड. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी १९७७ मध्ये लागू झाला होता. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका कामगारच नव्हेत, असं म्हणून मालक हात झटकायचे. सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये, घरी वळणाऱ्यांनाही हा कायदा लागू आहे, असा निकाल दिला. कागदावरचं प्रत्यक्षात यायला पुढं किती खेटे लागले तो वेगळा विषय. पण आमच्या गल्लीतल्या एका काकींचं सांगतो. नवरा गेल्यावर दिरानं सरळ सांगितलं, "वैनी, घर आमचं हाय, तुमी माहेरी जावा." काकींनी पत्र्याच्या डब्यातनं फंडाची स्लिप आणि विडी कामगाराचं कार्ड काढलं, ओळखीच्या मास्तरांना बरोबर घेतलं आणि पैसे काढून त्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. दिराच्या समोरच. सोन्यावर घरातल्या सगळ्यांचा डोळा असतो, स्लिपेवर नाव एकटीचं होतं.

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यानं कल्याण निधी होता. विडीवरच्या उपकरातनं दवाखाने आणि पोरांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. बातमी आतल्या पानात चार ओळींची होती.

शेतकऱ्यांचं आंदोलनही त्याच काळातलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ पासनं तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या, चुली, बायकापोरं. त्या वस्तीला आंदोलननगर नाव पडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी गेले. आज्जी तेव्हा म्हातारी झाली होती. रस्त्यावर थाटलेले संसार बघून तिला प्लेगातला माळ आठवला. "तवा रोगाला भिऊन भाईर पडलो, आता भावासाठी," एवढंच म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. गल्लीतनं रोज भाकऱ्या जात होत्या.

एक धागा मागं राहिला, तो भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी १७ जानेवारीला बेळगावात आणि निपाणीत माणसं गेली, आपण दरवर्षी तो दिवस पाळतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधात पुन्हा गोळीबार, पुन्हा संचारबंदी. त्या दिवसांपासनं बेळगावातल्या कितीतरी घरांत चार दिवसांचं पीठ, दुधाची पावडर आणि म्हाताऱ्यांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवायची सवय लागली. राजकारणावर इथं लिहीत नाही. मला सांगायचंय ते घरातल्या कागदांचं. उतारा, नोटीस, दवाखान्याचा अर्ज, नुकसानभरपाईची यादी सगळं कन्नडमध्ये. ज्यांच्या घरात कन्नड वाचणारं माणूस, त्यांना मुदत कळायची. बाकीच्यांना मुदत संपल्यावर कळायची. म्हणून मराठी शाळेचा अभिमान बाळगूनही एका तरी पोराला कन्नड नीट लिहावाचायला शिकवणं, हीसुद्धा घराची तयारीच होती. हे बोलायला अवघड जातं, पण घरोघरी झालंय.

दोन राज्यांच्या मध्ये असण्याचा फायदाही होईल असं वाटतं. होतो का? कर्नाटकात यशस्विनी ही सहकारी आरोग्य योजना २००३ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये बंद करून दुसऱ्या योजनेत मिसळली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं हरकत घेतली. मधल्या मधे माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात ॲडमिट आणि कार्ड बेळगावचं. रात्री दोन वाजता काउंटरवर या वादाचा इतिहास कुणी ऐकून घेत नाही. कुठल्या कार्डावर कुठला दवाखाना चालतो हे धडधाकट असतानाच विचारून ठेवलेली घरं मी बघितलीत, आणि त्यांना खरंच कमी पळावं लागलं.

आणि मग पाणी.

२००५ चा पूर आठवतोय ना? सांगलीजवळ हरिपूरला हळदीची शेकडो पेवं होती. किती दुष्काळ बघितलेली. त्या पुरात पाणी आत शिरलं आणि हळद कुजली. पेव सगळ्यापासनं वाचवायचं, पाण्यापासनं नाही. आपल्याकडं वेदगंगा-दूधगंगेनं तेच केलं. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे पूल बुडाले की गावं एकमेकांपासनं तुटतात, हे काही नवीन नाही. पण २००५ नंतर लोकांनी भिंतीवर पाण्याच्या खुणा केल्या आणि पुढची तयारी त्या खुणेवर बेतली. सामान खुणेच्या वर, कपाट खुणेच्या वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ती खूण ओलांडून गेलं. सांगलीचंच बघा, आयर्विन पुलाशी २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर. यमगर्णीला महामार्ग पाण्याखाली गेला आणि निपाणी-कोल्हापूर वाट बंद झाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच.

२०१९ ला सरकारनं तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. इथं खरी परीक्षा झाली. आमच्या नात्यातलं एक घर नदीकाठी होतं. पाणी चढताना त्यांनी जनावरं सोडली, म्हातारीला उचललं, सोनं कमरेला बांधलं. आज्जीच्या हिशेबानं सगळं बरोबर केलं. घर पडलं. पंचनामा झाला. आणि मग कळलं की घर अजून १९७० च्या दशकात वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. वारसा नोंद कुणी केलीच नव्हती. चार भाऊ, दोन बहिणी, एक चुलता पुण्यात, एक गोव्यात. सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता दीड वर्ष गेलं. तोवर ते कुटुंब भाड्याच्या एका खोलीत. भांडण नव्हतं कुणाचं, हे विशेष. नुसता एक कागद पन्नास वर्षं कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता.

त्या दीड वर्षात भाडं आणि औषधं कुठनं भागली? भिशीतनं थोडी, आणि बाकी दारात येऊन कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यांकडनं. भिशीतल्या बायका हप्ता चुकला तर ओळखीनं थांबतात, फायनान्सचा माणूस ओसरीवर बसून राहतो. अशा वसुलीला कंटाळून राज्यभर इतक्या तक्रारी झाल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. सावकार गेला असं आपण पुस्तकात वाचलं होतं. तो मोटरसायकल घेऊन परत आला.

आमच्या घरात माळ्यावर आज्जीची पत्र्याची ट्रंक अजून आहे. पुरानंतर माझ्या वहिनीनं ती खाली काढून रंगवून घेतली. आत सोनं नाही, ते लॉकरला. उतारा, वारसा नोंद झालेला कागद, पासबुकं, दोन्हीकडच्या दवाखान्यांचे जुने रिपोर्ट, फंडाच्या स्लिपा, सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत, तोंड मेणबत्तीनं चिकटवून. प्रत्येक कन्नड कागदावर पेन्सिलीनं मराठीत एक ओळ, हा कशाचा आणि मुदत कधी. एक झेरॉक्स संच तिच्या माहेरी, उंचावरच्या गावात. ट्रंक कुणी उचलायची हेही ठरलेलं आहे: थोरल्या पुतणीनं. तिला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं आणि ती दहावीत आहे, म्हणजे पळता येतं.

वासे आणि पाचट मात्र आता कुणाच्या घरामागं दिसत नाही. तुमच्याकडं अजून पेव शाबूत असेल, किंवा घरातल्या कुणी प्लेगातल्या माळाच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर खाली लिहा. माळ कुठला होता तेही लिहा. निपाणीजवळचे दोन माळ मला माहीत आहेत, त्यातल्या एकावर आता प्लॉट पडलेत.